उजवा खिसा

दिवटे साहेबांनी पहिला खिसा स्वतःच्या हाताने उसवला. हॉलच्या मधोमध स्टुलावर उभे, एका हातात माझा निळा ॲप्रन, दुसऱ्या हातात अर्धं ब्लेड. माझाच ॲप्रन का, तर मी पहिल्या ओळीत पहिल्या मशीनवर बसायचे आणि हाताला आधी सापडले. खिसा टरटर निघाला, त्यातून माझा रुमाल, बसचा पास, दोन बडीशेपेच्या पुड्या आणि एक चिंचोका खाली पडला.

“यापुढं ॲप्रनला खिसा नाही,” साहेब म्हणाले. “दोन ग्रोस, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी बटणं गेली आहेत. बटणांना पाय नसतात. ती खिशातून जातात.”

आम्ही चौतीस बायका. सोलापुरातला शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना, मालक जिंदम शेठ, आणि हे दिवटे साहेब नवे मॅनेजर. पुण्याहून आलेले, येऊन पंधरा दिवस झालेले.

“साहेब, मग रुमाल कुठं ठेवायचा की?” काज-बटणाच्या मशीनवरच्या मुमताजनं विचारलं.

“घरी.”

“बसचा पास?”

“पर्समध्ये. पर्स गेटवर जमा करायची.”

“आणि शिंक आली तर?”

साहेब क्षणभर खरोखरच विचारात पडले. “जेवणाच्या सुट्टीत,” ते म्हणाले.

मागच्या ओळीतून कुणीतरी फुसकन हसलं. तेवढ्यात नरसक्का उठली. नरसक्का येमूल, आमची चेकर. तयार झालेला प्रत्येक नग तिच्या टेबलावरून जायचा, तिनं पास केला की कमरेच्या पट्टीत ‘तपासणी क्र. १’ अशी छापील चिठ्ठी जायची, मगच इस्त्री. एकोणीस वर्षं ती त्या टेबलावर होती.

“माझी औषधाची बाटली असती साहेब खिशात. डोळ्यांत घालायची. दोन-दोन तासांनी.”

“घरून घालून येत जा.”

“दर दोन तासांनी घरी जाऊ?”

आता सगळा हॉल हसला. साहेबांचे कान लाल झाले. “सुट्टीत घाला. आणि हसणं बंद. हे कामाचं ठिकाण आहे.”

“बरं,” नरसक्का म्हणाली आणि बसली.

नरसक्काच्या डोळ्यांची गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती, फक्त साहेबांना आणि शेठना नव्हती. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात त्याची तयारी, आणि दोन्हींत आग. कामगार विम्याच्या दवाखान्यात तिचा ऑपरेशनचा नंबर सप्टेंबरात लागला होता. नोकरी असली तर कार्ड, कार्ड असलं तर ऑपरेशन. तेव्हा सप्टेंबरपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं सगळ्यांचं ठरलेलं होतं, म्हणजे कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण होतं. जी ती आपला नग तीनदा उलटापालटा करून बघायची आणि मगच पुढं सरकवायची. कुणाची शिवण वाकडी आली तर शेजारीण उसवून द्यायची. चेकिंग आमचं आणि चिठ्ठी तिची, असा कारभार चालला होता. तिच्यापर्यंत खोट पोचायचीच नाही. नरसक्का आपली नगावरून बोटं फिरवायची, मान हलवायची आणि चिठ्ठी लावायची. आम्हाला वाटायचं, बिचारी नाटक तरी किती छान करते.

साहेब येण्यापूर्वी आमच्याकडे गाणी चालायची, तेलुगू, मराठी, मुमताजची कव्वाली, सगळं एकाच सुरात. शेठ कधी आत आले तर दारात थांबून कडवं संपू द्यायचे. साहेबांनी गाणी बंद केली. मग बोलणं बंद केलं. संडासला जायचं तर त्यांच्या टेबलावरचा लाकडी बिल्ला घेऊन जायचा, आणि बिल्ला एकच. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आम्ही म्हणत होतो, पण हा तेरडा काही उतरेना. आणि आता खिसे गेले. ती बटणं कुठं गेली ते आजतागायत कुणाला कळलं नाही. मोजायलाच चुकले असतील असं माझं मत आहे.

खिसे गेल्यावर चौथ्या दिवशी मला सर्दी झाली. रुमाल गेटवर. मी नाक ॲप्रनच्या बाहीला पुसलं, तेवढ्यात मागून साहेब म्हणाले, “शी. काही रीतभात?”

मी बावीस वर्षांची होते आणि नाकावर राग होता, सर्दीच्या वर. साहेब पुढं गेले. माझ्या हाताखाली मुलांची खाकी हाफ पँट होती, मी खिसे लावायचे, दिवसाला साठ-सत्तर पँटी. उजवा खिसा लावून झाला होता. मी पँट जरा फिरवली आणि खिशाच्या तोंडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ एक टीप मारली. कर्रर्र. खिसा बंद.

काय सांगू, मला गुदगुल्याच झाल्या. बाहेरून बघाल तर पँट पहिल्यापेक्षा देखणी. मी ती मुमताजच्या मांडीवर टाकली.

“खिशात हात घाल.”

तिनं घातला. गेला नाही. परत घातला. मग तिला कळलं, तशी तिनं डोकं मशीनवर टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

“काय झालं तिकडं?” साहेब ओरडले.

“पोटात दुखायलंय साहेब,” मुमताज खालूनच म्हणाली.

“बिल्ला घेऊन जा.”

ती बिल्ला घेऊन गेली आणि संडासात दार लावून हसून आली. तिचं हसणं हॉलपर्यंत ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, फारच दुखतंय वाटतं.

त्या दिवशी तीन पँटी गेल्या. दुसऱ्या दिवशी पाच. बातमी ओळीतून ओळीत गेली आणि चौथ्या ओळीतली खिसेवाली पण सामील झाली, नाव सांगत नाही, आता तिचा जावई मोठा माणूस आहे. मग नियम ठरले. फक्त उजवा खिसा, कारण माणसाचा हात आधी उजवीकडं जातो. गठ्ठ्यात एकाखाली एक दोन घालायच्या नाहीत. साहेब पाठमोरे असतानाच टीप मारायची, आणि ते समोर असताना मारली तर ती सोन्याची धरायची. मी एक सोन्याची मारली, साहेब माझ्याशी बोलत असताना. ते मला सांगत होते की हल्ली तुमचं काम सुधारलंय.

ते तीन आठवडे मी कारखान्यात उडत जायचे. सकाळी आई म्हणायची, एवढी कसली घाई गं? जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, एकमेकींकडे बघायचो आणि घास घशात अडकायचा. बोलायला बंदी होती ना, मग आम्ही नुसते पदराआडून बोटांनी आकडे दाखवायचो. सात. नऊ. आज दहा.

एकदाच मी मुमताजला विचारलं, “नरसक्काला कळलं तर?”

“तिला कुठं दिसायलंय?” मुमताज म्हणाली.

मी पण हसले. हे सांगायला लाज वाटते, पण हसले. आमचा हिशोब सरळ होता. माल शाळेत जाणार, शाळा बोंब मारणार, शेठ साहेबांना झाडणार, साहेब पुण्याला जाणार. कमरेच्या पट्टीत नरसक्काची चिठ्ठी आहे, हे रोज डोळ्यांसमोर असून एकीच्याही डोक्यात आलं नाही. साहेब सोडून दुसरं काही डोक्यात राहिलंच नव्हतं.

ऑगस्टच्या अठरा तारखेला शेठ स्वतः हॉलमध्ये आले. मागून हमालानं पोतं आणून टाकलं. साहेब बाजूला ताठ उभे. शेठच्या हातात पत्र होतं.

“मशीनं बंद करा,” शेठ म्हणाले. “बार्शीकडच्या एका मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी लिहिलंय. महिन्याचा सगळा माल तिकडंच गेला होता. सगळ्यांनी ऐका.”

सगळी मशीनं थांबली. शेठनी चष्मा लावला.

“‘आपण पाठविलेले गणवेश विद्यार्थ्यांनी दिनांक पंधरा रोजी प्रथमच परिधान केले. ध्वजवंदनानंतर माननीय सभापती महोदयांच्या हस्ते गोळ्या वाटण्यात आल्या. भाषण संपेपर्यंत गोळी तोंडात न टाकता खिशात ठेवावी अशी शाळेची शिस्त आहे. त्यानुसार विद्यार्थ्यांनी गोळ्या उजव्या खिशात ठेवल्या असता त्या जमिनीवर पडल्या.’”

मुमताजनं माझा दंड धरला.

“‘सुमारे दीडशे विद्यार्थी गोळ्या वेचण्यासाठी एकाच वेळी खाली वाकले. त्यामुळे माननीय सभापती महोदयांचा असा समज झाला की सर्व विद्यार्थी त्यांच्या पाया पडत आहेत. ते सद्गदित झाले. त्यांनी आशीर्वादपर भाषण पुन्हा सुरू केले. ते पाऊण तास चालले. त्या काळात विद्यार्थी वाकलेलेच होते, कारण गोळ्या सापडत नव्हत्या.’”

आता धरवेना. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी मशीनखाली गेली. चौथ्या ओळीतली ती तर स्टुलावरून खाली बसली. महिनाभराचं दाबलेलं हसू एकदम बाहेर आलं आणि आवरेचना. शेठच्या मिशा थरथरत होत्या, त्यांनी पत्र तोंडापुढं धरलं. एकटे दिवटे साहेब हसले नाहीत. ते पोत्याशी गेले, एक पँट उचलली, कमरेची पट्टी उलटी केली आणि चिठ्ठी ओढून काढली.

“तपासणी क्रमांक एक,” ते म्हणाले. मग दुसरी पँट. “तपासणी क्रमांक एक.” मग तिसरी. “चेकिंगला कोण आहे?”

हसू बंद झालं. नरसक्का आपल्या टेबलामागं उभी राहिली.

“एकशे बेचाळीस नग,” साहेब म्हणाले. “शेठ, ही चूक नाही. या बाईंनी उद्यापासून येऊ नये.”

उद्यापासून नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे कार्ड नाही, आणि सप्टेंबर दोन आठवड्यांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मी उठले. मुमताज मला पदराला धरून खाली ओढत होती.

“शेठ, मी शिवले खिसे.”

“का गं अनसूया?” शेठनी विचारलं, रागानं नाही.

“आमचे काढले म्हणून.”

“ते नंतर बघू,” साहेब मध्येच म्हणाले. “शिवणारीनं शिवलं. पण तपासणारीचं काम काय? एकशे बेचाळीस नग हाताखालून जातात. डोळे होते का नव्हते?”

“नव्हतेच साहेब,” मी म्हणाले. मला वाटलं, देवानंच शब्द दिला. “तिला दिसत नाही. वर्ष झालं. मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तिची काय चूक? मी मुद्दाम तिला फसवलं.”

मी नरसक्काकडे बघितलं नाही. मी शेठकडे बघत होते, आणि शेठचा चेहरा खरंच मऊ झाला.

“नरसक्का, हे मला आधी सांगायचं नाही का?” ते म्हणाले. “एकोणीस वर्षं झाली तुम्हाला. दिवटे, थांबा जरा. बाईंना दिसत नाही तर दोष कसा देणार? नरसक्का, तुम्ही फक्त एवढं म्हणा की मला दिसलं नाही. ऑपरेशन होईपर्यंत पगारी सुट्टी घ्या. बरे झालात की याच टेबलावर या.”

मला तर नाचावंसं वाटलं. सुटली. मी सोडवली. आता तिनं तिचं ते ‘बरं’ म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

“कोण म्हणतं कळलं नाही?” नरसक्का म्हणाली.

ती टेबलामागून बाहेर आली. पोत्यापाशी बसली, एक पँट मांडीवर घेतली, साहेबांच्या दिशेला तोंड आणि बोट खिशावर.

“ही अनसूयाची. टीप संपली की दोनदा मागं घेती, सवय आहे तिला. ही पण तिचीच, घाईत मारलेली, कुणीतरी जवळ उभं असणार. ही...” दुसऱ्या पँटवर तिचं बोट थांबलं. चौथ्या ओळीत कुणीतरी श्वास रोखला. “ही जाऊ दे. पहिल्या दिवशी तीन आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. एका दिवशी दहा होत्या. एकंदर एकशे चव्वेचाळीस शेठ, बेचाळीस नाही. दोन अजून शाळेत असतील.”

“तुम्हाला कळत होतं?” शेठनी विचारलं.

“पहिल्या नगालाच.”

“मग पास का केलं?”

“औषधाची बाटली ठेवायला एक खिसा मागितला होता मी. साहेब म्हणाले, सुट्टीत घाला. डोळ्यांची आग व्हायली की दुपार काही सरत नाही शेठ. मग हे बंद खिसे यायला लागले. मी वाट बघत बसायची, आता कुठल्या गठ्ठ्यात येतंय. एक सापडलं की घटकाभर बरं वाटायचं.”

कुणी हसलं नाही. तीच गालातल्या गालात हसत होती.

“नरसक्का,” शेठ हळूच म्हणाले, “दिसलं नाही एवढंच म्हणा.”

“कसं म्हणू? एकोणीस वर्षांत मला न कळता या टेबलावरून एक नग गेलेला नाही. गेले ते मी सोडले म्हणून गेले.”

शेठनी चष्मा काढून पुसला. “जाणूनबुजून खोटा माल सोडणारीला मी चेकिंगला ठेवू शकत नाही,” ते म्हणाले. “हे तुम्हाला पण पटेल.”

“बरं,” नरसक्का म्हणाली.

शेठ साहेबांपेक्षा शहाणे होते. त्यांनी तिला काढलं नाही, खाली चटईवर धागे कापायला बसवलं. एकोणीस वर्षांपूर्वी ती तिथूनच वर आली होती. पगार कमी झाला, पण कार्ड राहिलं. मला आठ दिवस घरी बसवलं. साहेब काही पुण्याला गेले नाहीत, पण आठवड्याच्या आत भिंतीवर त्यांच्या सहीची नोटीस लागली, ‘ॲप्रनला एक खिसा, चार इंच बाय तीन इंच, याहून मोठा नको.’ मुमताजनं त्याच दिवशी तो मोजून पाच इंच लावला.

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी बसून पोतंभर पँटी उसवल्या. चौतीस बायका, चौतीस ब्लेडं, आणि मध्येच कुणाला ते सभापती आठवायचे की परत हशा. नरसक्का सगळ्यात भराभर उसवत होती. निघताना गेटपाशी तिनं मला थांबवलं.

“खिसे शिवलीस, मला आवडलं,” ती म्हणाली. “डोळ्यांचं कुणी सांगायला सांगितलं होतं?”

“अक्का, तुला वाचवायला...”

“आजवर मला कुणी आंधळी म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. सप्टेंबरात तिचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात सगळ्या जाऊन आल्या, मी बाहेरच्या बाकावर बसून आले.

आठ दिवसांनी कामावर परत गेले तेव्हाच शेठनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, जिला लपवता येतं तिला सापडेल पण, तू चेकिंगला बस. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, ही बढती नाही, शिक्षा आहे. अशी मी नरसक्काच्या टेबलावर बसले. चिठ्ठी तीच, तपासणी क्रमांक एक. डोळ्यांत तेल घालून मी नग बघायचे, खालून वर, वरून खाली, आणि समोर चटईवर ती पाठ करून धागे कापत असायची. ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून आली तेव्हाही तशीच पाठ करून बसली.

ऑक्टोबरात एक दिवस मी साठ पँटींचा गठ्ठा पास केला आणि चिठ्ठ्या लावल्या. नरसक्का उठली. माझ्या टेबलाशी आली, गठ्ठ्याच्या मधून एक पँट ओढली आणि माझ्यासमोर टाकली. मी ती बघितली. पुढून बघितली, मागून बघितली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली. काही नव्हतं. शिवण सरळ, काज नीट, खिसा उघडा.

“काय आहे अक्का? मला काहीच दिसत नाही.”

“डोळे मीट,” ती म्हणाली. दोन महिन्यांतला तिचा पहिला शब्द.

मी डोळे मिटले. तिनं माझं बोट धरलं, उजव्या खिशात घातलं आणि आतल्या शिवणीवर टेकवलं. मग हात काढून घेतला. मी बोट पुढं सरकवलं, हळूहळू, तळापर्यंत. कोपऱ्यात दोन टाके सुटलेले होते.

“सापडलं?”

“हो.”

“मग चिठ्ठी काढ,” नरसक्का म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. “आणि बाकीच्या एकोणसाठ घे इकडं.”